आधी पाण्याला पोसावे : कोलकात्याच्या भेड्यांतील अन्नसाखळी आणि आपले तळे

प्रत्येक सजीवाला जगण्यासाठी, वाढीसाठी आणि शरीराची झीज भरून काढण्यासाठी ऊर्जा व द्रव्य लागते. ते त्याला अन्नातून मिळते. अन्न मिळवणे, त्याचे साध्या घटकांत विघटन करणे, उपयुक्त भाग शरीरात घेणे आणि उरलेला बाहेर टाकणे, या साऱ्या क्रियांना मिळून पोषण म्हणतात. शालेय पाठ्यपुस्तकात हा विषय आपण सर्वांनी वाचलेला असतो. तथापि मत्स्यशेती करताना त्याचा विसर पडतो आणि तळे म्हणजे मासे ठेवण्याचे भांडे, असे मानून बाहेरून विकत आणलेल्या खाद्यावर सारी भिस्त ठेवली जाते. मत्स्यसंवर्धनात सर्वाधिक खर्च बहुधा खाद्यावरच होतो. त्यामुळे तळ्यात कोण काय खातो आणि खाल्लेले कसे पचवतो, या प्रश्नाचा संबंध थेट शेतकऱ्याच्या नफ्या-तोट्याशी येतो.

या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणावर पाहावयाचे असेल तर कोलकाता शहराच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशाकडे पाहावे. तेथे एका महानगराच्या सांडपाण्यावर मासे, भात आणि भाजीपाला पिकतो. हे सांडपाणी मासा खात नाही. मग ते कोण खातो, हे समजून घेणे हाच या लेखाचा विषय आहे.

पोषणाचे तीन मार्ग

सजीव प्रामुख्याने तीन मार्गांनी अन्न मिळवतात.

पहिला मार्ग स्वयंपोषी सजीवांचा. हिरव्या वनस्पती व शैवाले सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून शर्करा तयार करतात व ऑक्सिजन बाहेर सोडतात. या प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात कोलकात्याचे नाव जुने आहे. सर जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ मध्ये तेथे बोस संस्था स्थापन केली. हायड्रिला या पाणवनस्पतीतून निघणाऱ्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांवरून प्रकाशसंश्लेषणाचा वेग आपोआप नोंदवणारे उपकरण त्यांनी तयार केले आणि या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा मार्ग परपोषी सजीवांचा. ते स्वतः अन्न तयार करू शकत नाहीत. वनस्पती खाणारे, प्राणी खाणारे आणि दोन्ही खाणारे असे त्यांचे प्रकार आहेत. मासे, गुरे व मनुष्य या वर्गात मोडतात.

तिसरा मार्ग मृतोपजीवी सजीवांचा. जीवाणू आणि बुरशी मृत सेंद्रिय पदार्थांवर विकरे सोडतात, ते शरीराबाहेरच विघटित करतात आणि विरघळलेला भाग शोषून घेतात. त्यांचे पचन शरीराबाहेर होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाण्यात पडलेले शेण, कुजलेला पाला किंवा न खाल्लेली पेंड यांचे खतात रूपांतर होते ते याच क्रियेमुळे.

भेड्यांचा जन्म

कोलकाता शहर हुगळीच्या काठी वसले असले तरी तेथील जमिनीचा उतार नदीकडून पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचे सांडपाणी पूर्वेकडील खाऱ्या पाण्याच्या सरोवरांच्या दिशेने व तेथून विद्याधरी नदीत सोडण्यात येई. पुढे विद्याधरी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती निरुपयोगी झाल्याचे जाहीर झाले. भरतीचे खारे पाणी येणे थांबले आणि पूर्वी खाऱ्या पाण्यातील मासे देणारी ही जलाशये ओस पडू लागली. त्याच सुमारास स्थानिक मत्स्यपालकांनी शहराचे सांडपाणी नियंत्रित प्रमाणात आत घेऊन गोड्या पाण्यातील मासे वाढवण्यास सुरुवात केली. १९४३ मध्ये कुल्टी नदीकडे जाणारे कालवे सुरू झाल्यावर या कालव्यांतून सांडपाणी वळवून घेणे सुलभ झाले.

अशा उथळ, बांध घातलेल्या मत्स्यतलावास बंगालीत भेडी म्हणतात. आज सुमारे १२,५०० हेक्टरच्या या पाणथळ प्रदेशात अडीचशेच्या आसपास भेड्या आहेत. शहराचे दररोज सुमारे ७५ कोटी लिटर सांडपाणी या दिशेने वाहते आणि येथून वर्षाला १०,००० टनांहून अधिक मासे शहराच्या बाजारात जातात. भेडीतून बाहेर पडणारे पाणी भातखाचरांना मिळते. जवळच्या धापा भागात शहराच्या कचऱ्यापासून तयार झालेल्या मातीवर भाजीपाला पिकतो.

ही व्यवस्था कोणत्याही संस्थेने आराखडा काढून उभारलेली नाही. ती मत्स्यपालकांच्या अनुभवातून घडली. पश्चिम बंगाल शासनाच्या सेवेतील अभियंता डॉ. ध्रुवज्योती घोष यांनी १९८० च्या दशकात सांडपाण्याचा माग काढत तिचा शास्त्रीय अभ्यास केला व तिचे मोल जगापुढे मांडले.

सांडपाण्याचा पहिला ग्राहक

घरगुती सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ, नत्र आणि स्फुरद विपुल असतात. हे पाणी माशांनी भरलेल्या तळ्यात एकदम सोडले तर मासे मरतात. म्हणून भेडीतील काम ठरावीक क्रमाने चालते.

हिवाळ्यात भेडी रिकामी करून तळ उन्हात वाळवतात, गाळ काढतात, जमीन नांगरतात आणि चुना टाकतात. त्यानंतर सांडपाणी आत घेऊन सुमारे दोन ते तीन आठवडे तसेच राहू देतात. या काळात तळ्यात एकही मासा नसतो, तरी खरी मेजवानी याच काळात चाललेली असते. प्रथम जीवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. त्यातून अमोनिया, फॉस्फेट व कार्बन डायऑक्साइड मुक्त होतात. नायट्रोसोमोनास हा जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइटचे नायट्रेट करतो. ही मुक्त झालेली पोषकद्रव्ये घेऊन सूक्ष्म शैवाले वाढतात, दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि तो ऑक्सिजन पुन्हा जीवाणूंच्या कामी येतो. शैवालांवर प्राणी प्लवंग वाढतात. पाणी काळपट रंगावरून हिरव्या रंगावर आले की परीक्षेसाठी थोडे मासे सोडतात आणि ते तग धरून राहिले तरच मत्स्यबीजाची साठवणूक करतात. पुढे ठरावीक अंतराने थोडे थोडे सांडपाणी आत घेतात.

याचा अर्थ असा की सांडपाणी जीवाणू खातात, जीवाणूंनी मोकळे केलेले शैवाले घेतात आणि मासा त्यानंतर जेवतो. तळे उथळ असल्याने सूर्यप्रकाश खोलवर पोचतो. दुपारी शैवालांमुळे पाण्याचा सामू वाढतो. प्रकाश, वाढलेला सामू आणि भरपूर ऑक्सिजन यांमुळे सांडपाण्यातील रोगकारक जीवाणूंची संख्या मोठ्या प्रमाणावर घटते. अशा रीतीने अन्न तयार होणे आणि पाणी शुद्ध होणे या दोन्ही गोष्टी एकाच क्रियेतून साधतात.

पशुपालकांना हे तत्त्व नवे नाही. गाय वैरण खाते तेव्हा ती प्रथम आपल्या मोठ्या पोटातील, म्हणजे रोमंथिकेतील, सूक्ष्मजीवांना खाऊ घालते. वैरणीतील सेल्युलोज पचवणारे विकर गाय स्वतः तयार करत नाही. ते काम सूक्ष्मजीव करतात आणि त्यांनी तयार केलेल्या आम्लांवर व अखेरीस त्या सूक्ष्मजीवांवरच गाय पोसली जाते. भेडी ही जणू उघड्यावर पसरलेली रोमंथिका आहे.

कोणाचे ताट कोठे?

तळ्यातील अन्न सर्व थरांत सारखे नसते आणि प्रत्येक माशाची मुखरचना त्याच्या आहाराला अनुरूप असते.

- कटला : तोंड मोठे व वरच्या बाजूस वळलेले. पृष्ठभागाजवळ राहतो. कल्ल्यांवरील बारीक दातऱ्यांच्या गाळणीने मुख्यत्वे प्राणी प्लवंग गाळून खातो.
- चंदेरा : कल्ल्यांवरील दातऱ्या एकमेकींना जुळून स्पंजासारखी अतिसूक्ष्म गाळणी झालेली. त्यामुळे तो वनस्पती प्लवंग, म्हणजे सूक्ष्म शैवाले, गाळून घेतो.
- रोहू : ओठांना झालरीसारखी किनार. मधल्या थरात राहून शैवाले, कुजणारे वनस्पतिजन्य पदार्थ खातो.
- मृगळ : तोंड खालच्या बाजूस. तळावरील कुजके सेंद्रिय पदार्थ व त्यांवर वाढलेले सूक्ष्मजीव खातो.
- सायप्रिनस : सर्वभक्षी. तळ उकरून किडे, अळ्या, कुजके पदार्थ शोधतो. हा मासा बांधही पोखरतो, हे ध्यानात ठेवावे.
- गवत्या : घशातील दातांनी गवत व पाणवनस्पती कातरतो. तो पुष्कळ खातो, पण खाल्लेल्यापैकी मोठा भाग अर्धवट पचलेल्या स्थितीत बाहेर टाकतो. ती विष्ठा तळ्याला खत म्हणून लाभते.

एकाच जातीचे मासे सोडल्यास तळ्यातील एकाच थरातील अन्न संपते व उरलेले तसेच पडून राहते. मिश्र मत्स्यसंवर्धनाचा पाया हाच आहे. पृष्ठभाग, मध्यथर आणि तळ यांत राहणाऱ्या माशांची संख्या ढोबळमानाने प्रत्येकी एक तृतीयांशाच्या आसपास ठेवण्याची शिफारस त्यातूनच आली आहे.

जठर नसलेला मासा

पोषणाचे पाच टप्पे मानले जातात : अन्नग्रहण, पचन, शोषण, सात्मीकरण आणि उत्सर्जन. कार्प कुळातील माशांच्या बाबतीत दुसऱ्या टप्प्याचे एक वैशिष्ट्य शेतकऱ्याने अवश्य जाणावे. या माशांना खरे जठर नसते. त्यामुळे माणसाच्या जठरात आम्ल व पेप्सिन यांच्यामुळे होणारे प्रथिनांचे प्राथमिक पचन त्यांच्यात होत नाही. अन्न घशातील दातांनी चिरडले जाऊन सरळ आतड्यात जाते. तेथे पित्त, ट्रिप्सिन, अमायलेज, लायपेज इत्यादी विकरांच्या साहाय्याने आम्लरहित माध्यमात पचन घडते. वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या जातींचे आतडे शरीराच्या कित्येक पट लांब असते, कारण असा आहार सावकाश पचतो.

यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की अन्न साठवून ठेवण्यास जठर नसल्याने हे मासे एका वेळी फार खाऊ शकत नाहीत. दिवसाचे खाद्य एकदम टाकण्याऐवजी दोन ते तीन वेळा विभागून द्यावे. दुसरा असा की मासा हा शीतरक्ती प्राणी आहे. पाण्याचे तापमान उतरले की विकरांचे कार्य मंदावते व भूकही कमी होते. कडाक्याच्या थंडीत उन्हाळ्याइतकेच खाद्य टाकणे म्हणजे तळाला खाद्य घालणे होय.

पचलेल्या प्रथिनांपैकी जो भाग शरीरवाढीस लागत नाही, त्यातील नत्र मासा प्रामुख्याने अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हा अमोनिया शैवाले पुन्हा घेतात. परंतु खाद्य अतिरेकी झाले तर अमोनिया साठतो. सामू व तापमान जास्त असताना तो अधिक विषारी ठरतो.

पायरीगणिक घट

एका सजीवाने दुसऱ्यास खाल्ले की अन्नातील बरीचशी ऊर्जा श्वसन, हालचाल व विष्ठा यांत खर्च होते. ढोबळमानाने दहावा भागच पुढच्या पायरीवर पोचतो. या हिशेबाने १,००० किलो शैवालांवर १०० किलो प्राणी प्लवंग, त्यांवर १० किलो लहान मासे आणि त्या माशांवर १ किलो मरळ पोसला जाईल. हेच शैवाल चंदेऱ्याने थेट खाल्ले तर पहिल्याच पायरीवर मासा मिळतो. प्रत्यक्षातील आकडे तळ्यागणिक बदलतात, तथापि दिशा बदलत नाही. कोलकात्याच्या भेड्यांत शिकारी माशांपेक्षा कार्प जातींना प्राधान्य असण्यामागे हेच गणित आहे. अन्नसाखळी जितकी आखूड, तितके कमी अन्नात अधिक उत्पादन.

पहाटेचा हिशेब

शैवाले दिवसा ऑक्सिजन देतात, रात्री मात्र तीही श्वसन करतात. जीवाणू, प्लवंग, मासे आणि शैवाले हे सारेच रात्रभर ऑक्सिजन वापरतात व सूर्योदयापूर्वी पाण्यातील त्याचे प्रमाण सर्वांत कमी होते. कार्प माशांसाठी लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असणे चांगले. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास मासे ताणाखाली येतात व खाणे सोडतात.

म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडीत असतील तर त्यांना भूक लागली आहे असे समजून खाद्य टाकणे घातक आहे. पडलेल्या खाद्याचे विघटन करताना जीवाणू उरलासुरला ऑक्सिजनही वापरतात. अशा वेळी खाद्य व शेणखत ताबडतोब बंद करावे, ताजे पाणी सोडावे किंवा पंपाने तळ्यातीलच पाणी फवारून हवेत मिसळावे. सलग ढगाळ हवामानात हा धोका वाढतो, कारण प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि श्वसन मात्र चालूच राहते.

जे कोणीच पचवू शकत नाही

जीवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. शिसे, क्रोमियम, पारा यांसारखे जड धातू मात्र कोणत्याही सजीवाला पचवता येत नाहीत. ते गाळात साठतात आणि काही धातू अन्नसाखळीत शिरून वरच्या पायरीवर अधिक दाट होत जातात. कोलकात्याच्या पूर्व भागातील टांगरा, तोपसिया येथील चामडे कमावण्याच्या उद्योगांमुळे सांडपाण्यात क्रोमियम येत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर हे कारखाने बानतला येथील संकुलात हलवण्याची प्रक्रिया सुरू झाली. भेड्यांच्या काठाने वाढवलेली जलपर्णी लाटांपासून बांधाचे रक्षण करते आणि मुळांवाटे काही प्रमाणात धातूही शोषून घेते. तरीही घातक द्रव्ये उगमापाशीच रोखणे हाच खरा उपाय आहे.

या प्रदेशावर दुसरे संकट जागेचे आहे. १९६० च्या दशकात भेड्यांचा मोठा भाग भरून सॉल्ट लेक उपनगर उभे राहिले. उरलेला प्रदेश वाचवण्यासाठी कोलकाता उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये निर्णय दिला. १९ ऑगस्ट २००२ रोजी या क्षेत्रास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये राज्याने स्वतंत्र कायदा केला. तरीही अतिक्रमण व गाळ साठणे थांबलेले नाही. एक भेडी बुजली की मासे तर जातातच, शिवाय ते सांडपाणी शुद्ध करण्यासाठी शहराला वीज व यंत्रे यांवर खर्च करावा लागतो.

आपल्या तळ्यासाठी बोध

महाराष्ट्रातील परिस्थिती निराळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, मातीच्या तळाचे आहेत. ढिवर बांधव पिढ्यान्पिढ्या त्यांत मासेमारी करीत आले आहेत. मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रात शेततळी वाढली असून त्यांतील पुष्कळांना प्लास्टिकचे अस्तर आहे. भेडीची नक्कल करून कच्चे सांडपाणी तळ्यात सोडणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. स्वीकारावयाचे आहे ते त्यामागील तत्त्व.

१. मासे सोडण्यापूर्वी पाणी तयार करावे. मातीच्या तळ्यात तळ वाळवून, सामू पाहून चुना द्यावा. शेणखत किंवा गोबरगॅसची स्लरी थोडी थोडी द्यावी. शेणाचा मोठा साठा एकदम टाकू नये.

२. पाण्याचा हिरवेपणा मोजावा. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळहात पाहावा. सुमारे ३० सेंटिमीटरवर तो दिसेनासा होत असेल तर प्लवंग योग्य आहेत. स्वच्छ दिसत असेल तर पाणी उपाशी आहे, खत द्यावे. १५ ते २० सेंटिमीटरवरच दिसेनासा झाला तर खत व खाद्य थांबवावे. पाणी मातीने गढूळ असेल तर ही चाचणी लागू पडत नाही.

३. अस्तराच्या शेततळ्यात तळाचे अन्न कमी असते. माती नसल्याने तेथे कुजक्या पदार्थांची साखळी दुबळी राहते. तेव्हा मृगळ व सायप्रिनस यांचे प्रमाण कमी ठेवावे आणि खत गोणीत भरून पाण्यात टांगावे.

४. पूरक खाद्य हे पूरकच असावे. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून, माशांच्या अंदाजित एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के, विभागून द्यावे. सूर्य वर आल्यावर, ऑक्सिजन वाढल्यानंतर खाद्य देणे हितावह. ताटलीत किंवा छिद्रे पाडलेल्या पिशवीत खाद्य ठेवल्यास किती शिल्लक राहते ते कळते.

५. कारखान्याचे व दवाखान्याचे सांडपाणी आणि कीटकनाशक फवारलेल्या शेतातील निचरा तळ्यात येणार नाही अशी चर बांधावर काढावी.

६. तळ्यातील पाणी वाया घालवू नये. कोलकात्यात भेडीचे पाणी भाताला जाते. मासे काढल्यावर आपल्या तळ्यातील नत्र-स्फुरदयुक्त पाणी व गाळ पिकाला दिल्यास खताची बचत होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याच्या तळ्यावर गेल्यावर खाद्याच्या पोत्यांची संख्या विचारण्यापूर्वी पाण्याचा रंग पाहावा, तळहाताची चाचणी करून दाखवावी आणि पहाटे मासे कसे वागतात ते विचारावे. या तीन गोष्टींतून तळ्यातील पोषणाची साखळी कोठे तुटली आहे ते बहुतांशी कळते. कोलकात्याच्या मत्स्यपालकांनी दुर्गंधीयुक्त पाण्यातून अन्न निर्माण केले ते माशाला खाऊ घालण्यापूर्वी पाण्यातील अदृश्य सजीवांना खाऊ घातल्यामुळे. आपल्या तळ्यातही पंगतीचा हा क्रम पाळला, तर विकतच्या खाद्याचा भार निश्चितच हलका होईल.